डेट्रॉइट सिटी एफसी: दुसऱ्या श्रेणीतला क्लब टिकतो कशावर?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे आहेत. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालीम मंडळांचे सामने पाहत ते मोठे झाले आणि सध्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डेट्रॉइट सिटी एफसी हा फुटबॉल क्लब अमेरिकेच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो, मैदानावरच्या कामगिरीच्या जोरावर त्याला आजवर पहिल्या श्रेणीत जाता आलेले नाही, तरीही त्याच्या सामन्यांना हजारो लोक येतात. असा क्लब चालतो कसा? आणि पुढे कधी त्याने सामान्य लोकांना भाग (शेअर) विकत घेण्याचे आवाहन पुन्हा केले, तर त्यात पैसे घालावेत का?

अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीतल्या क्लबांसाठी सामन्याच्या दिवसाची व्यवस्था आणि वार्षिक अंदाजपत्रक ही दोन्ही कामे मी अनेक वर्षे केली आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की अशा क्लबचे भवितव्य मुख्यतः त्याच्या मैदानावर ठरते. ते मैदान कोणाचे आहे, तेथे किती लोक बसू शकतात आणि त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नातला किती वाटा क्लबच्या हातात पडतो, या तीन गोष्टी समजल्या की बाकीचा हिशेब आपोआप उलगडत जातो. डेट्रॉइट सिटीची आजवरची सारी वाटचाल मला याच दृष्टीने पाहावीशी वाटते.

प्रथम रचना पाहू. अमेरिकेत कोणती लीग कोणत्या श्रेणीची हे अमेरिकी सॉकर महासंघ ठरवतो. मेजर लीग सॉकर ही पहिली श्रेणी, यूएसएल चॅम्पियनशिप ही दुसरी, आणि त्याखाली तिसऱ्या श्रेणीच्या लीग आहेत. युरोपात खालच्या लीगचा विजेता पुढच्या हंगामात वरच्या लीगमध्ये खेळतो. येथे आजवर तसे नव्हते. मेजर लीगमध्ये प्रवेश हवा असेल तर तो विकत घ्यावा लागतो, आणि सॅन डिएगोच्या मालकांनी 2023 मध्ये त्यासाठी 50 कोटी डॉलर मोजल्याचे सर्वज्ञात आहे. प्रक्षेपणाच्या पैशांतली दरीही तितकीच खोल आहे. ॲपलबरोबरचा मेजर लीगचा करार मुळात वर्षाला सुमारे 25 कोटी डॉलरचा ठरला होता; दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबच्या वाट्याला प्रक्षेपणातून जे येते त्यावर कोणताही व्यवस्थापक अंदाजपत्रक उभे करू शकत नाही. त्यामुळे तिकिटे, मैदानावरची खाद्यपेये, जर्सी-मफलरांची विक्री आणि स्थानिक प्रायोजक हेच उत्पन्नाचे आधार उरतात. त्यातले पहिले तीन थेट प्रेक्षकांकडून येतात, आणि चौथा आधार, म्हणजे प्रायोजक, प्रेक्षकांची संख्या पाहूनच येतो.

आता डेट्रॉइटकडे येऊ. 2010 मध्ये शहरात वस्त्यावस्त्यांच्या संघांची एक हौशी लीग सुरू झाली. शहराची लोकसंख्या अनेक दशके घटत आलेली होती, आणि एकाच शहरात राहणाऱ्या लोकांची एकमेकांशी ओळख व्हावी हा त्या लीगचा उघड हेतू होता. त्याच मंडळींतून पाच मित्र पुढे आले आणि 2012 मध्ये त्यांनी डेट्रॉइट सिटी एफसी स्थापन केला. आपल्या पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करणाऱ्या कोल्हापूरकराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: माणूस आधी आपल्या वस्तीचा असतो, मग संघाचा. क्लबने गडद लाल आणि सोनेरी हे रंग घेतले, आणि त्याला ‘ले रूज’ (रूज म्हणजे लाल) हे फ्रेंच टोपणनाव मिळाले, कारण डेट्रॉइट ही मुळात 1701 ची फ्रेंच वसाहत आहे आणि रूज नावाची नदी तेथून वाहते.

पहिली काही वर्षे क्लब एनपीएसएल या हौशी स्वरूपाच्या लीगमध्ये होता आणि शहराच्या मध्यभागाजवळच्या कॅस टेक्निकल हायस्कूलच्या मैदानावर खेळत असे. या काळाचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. एनपीएसएलचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्या महिन्यांचा असतो आणि त्यात प्रामुख्याने महाविद्यालयीन खेळाडू खेळतात, ज्यांना महाविद्यालयीन स्पर्धांतली आपली पात्रता राखायची असल्यामुळे पगार घेता येत नाही. म्हणजे क्लबच्या खर्चातली सर्वांत मोठी बाब, खेळाडूंचे वेतन, जवळजवळ नसतेच. अशा स्थितीत गेटवर दोन-तीन हजार माणसे आली तर क्लब स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. देशभरातले असे बहुतेक क्लब काही शे प्रेक्षकांवर गुजराण करत असताना डेट्रॉइटला शाळेच्या मैदानात माणसे मावेनाशी झाली. ‘नॉर्दर्न गार्ड’ या समर्थक गटाचा त्यात मोठा वाटा आहे. ढोल, रंगीत धुराची नळकांडी, अंगावर आणि बॅनरवर हाडांच्या सापळ्यांची चित्रे आणि संपूर्ण नव्वद मिनिटे न थांबणारे गायन असा त्यांचा खाक्या आहे. एखादा नवखा माणूस पहिल्यांदा खेळ पाहायला येतो आणि दुसऱ्यांदा बहुधा त्या वातावरणासाठी येतो, हे मी इतर शहरांतल्या तिकीटविक्रीच्या आकड्यांतही पाहिले आहे.

जागा अपुरी पडू लागल्यावर क्लबने 2016 मध्ये हॅमट्रॅमकमधल्या कीवर्थ स्टेडियममध्ये मुक्काम हलवला. हॅमट्रॅमक हे जेमतेम दोन चौरस मैलांचे स्वतंत्र शहर असून ते जवळजवळ सर्व बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेले आहे. डॉज मोटार कारखान्यात कामाला आलेल्या पोलिश कामगारांमुळे ते वाढले, आणि आज तेथे येमेनी व बांगलादेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कीवर्थ हे त्या शहराच्या सार्वजनिक शाळांचे मैदान. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून ते बांधले गेले आणि 1936 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आले होते. क्लब तेथे गेला तेव्हा ते जीर्णावस्थेत होते. डागडुजीसाठी लागणारी रक्कम बँकेकडून मिळणे कठीण होते, कारण मैदान शाळेचे, क्लब हौशी लीगमधला आणि तारण म्हणून दाखवायला काही नाही.

या अडचणीतून काढलेला मार्ग माझ्या मते या क्लबच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना आहे, आणि आपल्या गुंतवणुकीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. मिशिगन राज्याने 2013 च्या अखेरीस असा कायदा केला होता की राज्यातला लहान व्यवसाय राज्यातल्याच रहिवाशांकडून, मोठ्या शेअर-नोंदणीच्या खर्चात न पडता, भांडवल उभारू शकेल. क्लबने त्याचा आधार घेतला आणि 527 लोकांकडून 7,41,250 डॉलर गोळा केले. किमान रक्कम 250 डॉलर होती, त्यामुळे विद्यार्थी आणि शिक्षकही त्यात सहभागी होऊ शकले. मात्र हे भागभांडवल नव्हते. लोकांनी क्लबला पैसे उसने दिले होते आणि ते क्लबच्या उत्पन्नातल्या ठरावीक वाट्यातून परत करायचे होते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. क्लबची मालकी विखुरली नाही, परतफेड उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे वाईट हंगामात गळफास बसण्याचा धोका कमी राहिला, आणि पैसे देणारी सव्वापाचशे माणसे गेटवरची हक्काची गिऱ्हाइके झाली. त्या वर्षी घरच्या पहिल्याच सामन्याला सात हजारांहून अधिक प्रेक्षक आले.

येथे एक समज दूर करायला हवा, कारण अनेक समर्थक तो मनात धरून असतात. जर्मनीत बहुसंख्य मताधिकार क्लबच्या सदस्यांकडे असतो, तसे अमेरिकेत का होत नाही, असे विचारले जाते. सदस्यांच्या मालकीचा हॅम्बुर्गचा सेंट पाउली 2018 मध्ये कीवर्थवर मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला तेव्हापासून डेट्रॉइटमध्ये तर हा प्रश्न वारंवार निघतो. अडचण महासंघाच्या निकषांत आहे. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचा प्रमुख मालक एकच असावा, त्याच्याकडे किमान 35 टक्के हिस्सा असावा आणि त्याची व्यक्तिगत मालमत्ता 2 कोटी डॉलरची असावी, अशी अट आहे. स्टेडियमला किमान 5,000 आसने लागतात आणि लीगकडे मोठी हमी रक्कम ठेवावी लागते. या अटींचा हेतू चांगला होता, कारण त्याआधीच्या दशकांत हंगामाच्या मध्यावर क्लब बंद पडून खेळाडूंचे पगार बुडण्याचे प्रकार सर्रास घडत. परंतु त्यांचा परिणाम असा झाला की एक श्रीमंत मालक असल्याशिवाय व्यावसायिक क्लब उभाच राहू शकत नाही आणि समर्थकांचा हिस्सा नेहमी लहान राहतो.

याच काळात शहरावर दुसरे एक सावट होते. 2016 मध्ये टॉम गोअर्स आणि डॅन गिल्बर्ट या दोन उद्योगपतींनी डेट्रॉइटसाठी मेजर लीगचा संघ मागितला. पुढे ते शहर अंतिम चार उमेदवारांतही होते. तो संघ आला असता तर डेट्रॉइट सिटीचे काय झाले असते, याचा अंदाज सेंट लुईसच्या अनुभवावरून येतो. तेथे मेजर लीगचा क्लब मंजूर झाल्यानंतर दुसऱ्या श्रेणीतला क्लब 2020 मध्ये बंद झाला. डेट्रॉइटला ती जागा मिळाली नाही, नॅशव्हिल आणि सिनसिनाटी यांना मिळाली, आणि शहरात फुटबॉलचे क्षेत्र डेट्रॉइट सिटीला मोकळे राहिले.

क्लबने 2020 मध्ये निसा या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये व्यावसायिक म्हणून पाऊल टाकले आणि 2022 मध्ये यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूएस ओपन कपमध्ये कीवर्थवर कोलंबस क्रू या मेजर लीगच्या क्लबला 2-1 असे हरवले. ही देशातली जुनी बाद फेरीची स्पर्धा असून वरच्या आणि खालच्या श्रेणीतल्या क्लबांची गाठ पडण्याची हीच एक संधी असते. मेजर लीग सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या एकाच क्लबने हा चषक जिंकलेला आहे, 1999 मध्ये रॉचेस्टर ऱ्हायनोजने. त्या क्लबकडे मी पुन्हा येतो.

व्यावसायिक होण्याची किंमत किती, हे एका ढोबळ हिशेबावरून स्पष्ट होईल. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या पहिल्या करारानुसार 2022 मध्ये किमान वेतन दरमहा 2,200 डॉलर ठरले. पंचवीस खेळाडूंना वर्षभर एवढेच दिले तरी 6,60,000 डॉलर होतात, आणि चांगला खेळाडू एवढ्यावर येत नाही. त्यात घरभाडे, प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि कॅलिफोर्नियापासून फ्लोरिडापर्यंतचे विमानप्रवास मिळवा. बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक मोठी बाब म्हणजे कामगार भरपाईचा विमा. फुटबॉलपटू हा कायद्याने कर्मचारी असतो, त्याला दुखापत होणे जवळजवळ ठरलेले असते, आणि विमा कंपन्या त्यानुसार हप्ता आकारतात. नव्या मालकांनी आणलेल्या अंदाजपत्रकात ही रक्कम हमखास कमी धरलेली आढळते.

समोरच्या बाजूला उत्पन्न ठेवून पाहू. घरचे पंधरा लीग सामने, प्रत्येकाला साडेपाच हजार प्रेक्षक आणि प्रत्येकी सरासरी वीस डॉलर धरले तर हंगामाचे तिकीट उत्पन्न साडेसोळा लाख डॉलर होते. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांचे प्रमाण वास्तवापासून फार दूर नाही. एवढ्यात वेतन, विमा आणि प्रवास भागवून नफा उरणे अशक्यप्राय आहे. शिवाय मिशिगनमध्ये मार्च-एप्रिलची संध्याकाळ गोठवणारी असू शकते. शनिवारी दुपारी पाऊस लागला तर ऐनवेळी तिकीट काढणारे घरीच राहतात, आणि तो शनिवार परत मिळत नाही. म्हणून हंगामी पासांची विक्री हा आकडा मी कोणत्याही क्लबच्या हिशेबात सर्वांत आधी पाहतो. पासाचे पैसे हिवाळ्यातच हाती येतात आणि पावसाची जोखीम क्लबवर राहत नाही.

मग उरते ती मध्यंतराची पंधरा मिनिटे. या पंधरा मिनिटांत बिअर आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीचा फार मोठा भाग होतो, हे प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पटत नाही. सहा हजार माणसांपैकी दोन हजार एकाच वेळी उठतात. काउंटर आठ असतील तर प्रत्येकासमोर अडीचशे माणसांची रांग लागते, आणि रांग पाहून निम्मी माणसे परत जागेवर जातात. काउंटर वाढवायचे तर पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी हवी, आणि 1936 च्या शालेय मैदानात ती हवी तेथे नसते. मैदान स्वतःचे नसल्यामुळे तेथे कायमस्वरूपी खर्च करायला हात धजावत नाही. आसने भरलेली असूनही क्लबच्या गल्ल्यात पुरेसे पैसे का येत नाहीत, याचे हे अगदी साधे कारण आहे. क्लबने शहरात ‘फील्डहाउस’ हे बंदिस्त क्रीडागृह चालवायला घेतले त्यामागे हेच गणित असावे असे मला वाटते, कारण तेथे मुलांच्या आणि हौशी प्रौढांच्या लीगमधून बाराही महिने उत्पन्न मिळते.

नव्या स्टेडियमचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. साउथवेस्ट डेट्रॉइट हॉस्पिटल या अनेक वर्षे पडून असलेल्या इमारतीच्या जागी सुमारे 15,000 क्षमतेचे स्टेडियम बांधण्याची घोषणा क्लबने 2024 मध्ये केली आणि ते 2027 मध्ये सुरू करण्याचा बेत जाहीर केला. फोर्ड कंपनीने पुनरुज्जीवित केलेले मिशिगन सेंट्रल स्थानक तेथून जवळ आहे. 15,000 हा आकडा मला योगायोगाचा वाटत नाही, कारण महासंघाच्या निकषांत पहिल्या श्रेणीसाठी किमान तेवढीच आसने लागतात. दुसऱ्या श्रेणीची लीग चालवणाऱ्या यूएसएल या संस्थेने 2025 मध्ये दोन मोठे निर्णय जाहीर केले: स्वतःची पहिल्या श्रेणीची लीग सुरू करणे, आणि 2027-28 च्या सुमारास आपल्या श्रेणींमध्ये बढती-घसरणीची पद्धत आणणे. म्हणजे आपण प्रश्नात मांडलेली कोंडी सुटण्याची शक्यता आता प्रथमच निर्माण झाली आहे. डेट्रॉइट सिटी त्या पहिल्या श्रेणीत पोहोचला, तर शहराला वरच्या श्रेणीचा फुटबॉल मेजर लीगला एक डॉलरही न देता मिळेल.

मला या योजनेबद्दल आशाही आहे आणि काळजीही. काळजीचे कारण रॉचेस्टर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या शहराचा क्लब नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बेसबॉलच्या मैदानावर सरासरी दहा हजारांहून अधिक प्रेक्षक खेचत होता. तेव्हाच्या मेजर लीगमधल्या काही क्लबांनाही ते जमत नव्हते. मेजर लीगमध्ये प्रवेश मिळेल या अपेक्षेने 2006 मध्ये त्याने स्वतःचे फुटबॉल स्टेडियम उघडले. प्रवेश मिळाला नाही, स्टेडियमचा बोजा मात्र राहिला, 2008 मध्ये मूळ मालकांच्या हातून क्लब गेला, प्रेक्षक ओसरत गेले आणि 2017 च्या हंगामानंतर खेळ थांबला. 2022 मध्ये वेगळ्या नावाने तो पुन्हा उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी बंद झाला. स्टेडियम बांधले म्हणून रॉचेस्टर बुडाला असे मी म्हणणार नाही. वरच्या श्रेणीचे उत्पन्न गृहीत धरून खालच्या श्रेणीत असताना ते बांधले, ही खरी चूक होती. डेट्रॉइटच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न हाच राहील की क्लब दुसऱ्या श्रेणीतच राहिला आणि सरासरी आठ-नऊ हजार प्रेक्षक आले, तर कर्जाचे हप्ते फिटतात का. फिटत असतील तर योजना भक्कम आहे. दुसरी काळजी आवाजाची आहे. सात हजारांच्या जुन्या मैदानात सहा हजार माणसे भिंतीसारखी वाटतात. पंधरा हजारांच्या मैदानात तीच माणसे विरळ दिसतात, आणि ज्या वातावरणासाठी लोक येतात तेच पातळ होते. समर्थकांच्या स्टँडची रचना नकाशावर असतानाच नीट ठरवणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

आता आपल्या थेट प्रश्नाकडे. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा एफसी या क्लबने 2019 मध्ये लोकांना भाग विकले, आणि करोनाच्या साथीने गेटचे उत्पन्न थांबलेले असताना 2020 मध्ये डेट्रॉइट सिटीनेही आपला सुमारे 10 टक्के हिस्सा याच मार्गाने समर्थकांपुढे ठेवला. या विक्रीला 2016 पासून अमलात आलेल्या संघराज्याच्या लोकवर्गणी नियमांचा आधार असतो. त्यांत असे भाग साधारणपणे वर्षभर दुसऱ्याला विकता येत नाहीत आणि त्यानंतरही तयार बाजार नसतो. वर मांडलेल्या हिशेबावरून लाभांशाची अपेक्षा किती ठेवावी हे आपणच ठरवू शकाल. 2016 चे कर्ज आणि 2020 चे भाग यांतला फरक ध्यानात ठेवावा: पहिल्यात परतफेडीचे वचन होते, दुसऱ्यात ते नाही. पुन्हा कधी असे आवाहन झाले तर कागदपत्रांत तीन ठिकाणे अवश्य वाचावीत. भागधारकांना मताधिकार आहे की नाही, क्लब विकला गेल्यास लहान भागधारकांना कोणत्या दराने मोबदला मिळेल, आणि स्टेडियमची मालकी क्लबकडे राहणार की मालकांच्या वेगळ्या कंपनीकडे. तिसरा मुद्दा सर्वांत निर्णायक आहे, कारण क्लब आणि स्टेडियम वेगवेगळ्या कंपन्यांत असले तर मध्यंतरातल्या त्या विक्रीचा पैसा आपल्या क्लबपर्यंत पोहोचेलच असे नाही. निवृत्तीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला येथे हात लावू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जेवढी रक्कम वर्गणी म्हणून आनंदाने देता येईल तेवढीच द्यावी.

क्लबला खरोखर हातभार लावायचा असेल तर कुटुंबासाठी हंगामी पास घ्यावा आणि तो हिवाळ्यात, विक्री सुरू होताच घ्यावा. व्यवस्थापनाला त्या वेळच्या पैशांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. कीवर्थवर लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर नॉर्दर्न गार्डच्या विभागापासून थोडे दूर बसावे, कारण तेथे धूर दाट असतो आणि गाण्यांमधली भाषा मुलांसाठी नाही. सामन्याच्या वेळेआधी तासभर पोहोचलात तर खाणेपिणे रांगेविना उरकेल, आणि मध्यंतरात जागा न सोडता ढोल ऐकता येतील.